अठराव्या वर्षी कुणाचं काय कळतं? एएफएलचा ड्राफ्ट एक वर्ष पुढे न्या

त्या नोव्हेंबरमधल्या रात्री आम्ही शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये बसलो होतो, टीव्हीवर एएफएलचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचा, ड्राफ्ट चालू होता, ज्यात क्लब नवीन खेळाडू निवडतात तो, आणि त्यांचा पोरगा सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसला होता. त्याच्या आईने फोन टेबलावर उलटा नाही, सरळ ठेवला होता, स्क्रीन वर करून. आम्ही बटाटेवडे करून नेले होते ते कुणी खाल्ले नाहीत. ही दुसरी रात्र, पहिल्या रात्री पहिली फेरी झालेली, तिच्यात आपलं नाव येणार नाही हे त्याला माहीतच होतं, पण दुसऱ्या रात्री येईल असं त्याला दोन क्लबांच्या माणसांशी बोलून वाटत होतं. एकेक नाव येत गेलं, मग क्लब पास म्हणायला लागले, मग संपलं. पोरगा उठला, सगळ्यांच्या प्लेटा गोळा केल्या, किचनमध्ये गेला आणि नळ सोडून धुवायला लागला. आम्ही कुणीच त्याच्या मागे गेलो नाही. बारावीचा शेवटचा पेपर देऊन त्याला आठवडासुद्धा झाला नव्हता.

तो आणि माझा मुलगा दहा वर्षं एका गल्लीत वाढलेत. आमच्या गॅरेजच्या दाराच्या चौकटीवर दोघांच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत. त्याचा वाढदिवस डिसेंबरातला, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ज्यांना फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका बाजूला अठरा खेळाडू, क्रिकेटच्या ओव्हल ग्राउंडवर, लांबट बॉल, उभ्या खांबांच्या मधून किक मारली की सहा पॉइंट. व्यावसायिक लीग म्हणजे एएफएल, तिच्यात अठरा क्लब आहेत आणि टास्मानियाचा एकोणिसावा २०२८ ला येतोय. तुम्ही कुठल्या क्लबकडून खेळणार हे तुम्ही ठरवत नाही. १९८६ पासून ड्राफ्ट आहे, म्हणजे तळाला राहिलेला क्लब आधी निवडतो, वर असलेला नंतर, आणि ज्याने तुमचं नाव घेतलं त्याच्याकडे तुम्ही जायचं, मग तो पर्थला असो नाहीतर ब्रिस्बेनला. अट एकच, त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत तुम्हाला अठरा पूर्ण झालेली पाहिजेत. आणि माझं म्हणणं या एका अटीबद्दलच आहे. ती अठराची एकोणीस करा. ही चर्चा इथे अधूनमधून होते, पेपरात येते, दोन-चार कोच बोलतात आणि विषय थंड होतो. तो थंड होऊ नये असं मला मनापासून वाटतं, आणि मी फक्त शेजारच्या पोरासाठी हे म्हणत नाहीये.

आधी हे बघू की अठराव्या वर्षी मोजतात काय. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कम्बाइन असतं, म्हणजे ड्राफ्टआधीची शारीरिक चाचणी, तिथे वीस मीटर धावणं, उभ्या उभ्या उडी, पळत येऊन उडी, चपळाईची टेस्ट आणि दोन किलोमीटरची रेस. वीस मीटर २.९ सेकंदांच्या आत म्हणजे पोरगं वेगवान, दोन किलोमीटर सहा मिनिटांच्या आत म्हणजे दमाचं. शंभरांश सेकंदापर्यंत आकडे येतात आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे छापून येतात. आता वीस मीटरमध्ये दशांश सेकंदाचा फरक म्हणजे जेमतेम एका ढांगेचं अंतर. ती ढांग अठराव्या वर्षी कुणाकडे असते? ज्याच्या मांड्या आधी भरल्या त्याच्याकडे. ज्याला दाढी पंधराव्या वर्षी आली त्याच्याकडे. आपण म्हणतो टॅलेंट मोजलं, पण मोजलेली असते वाढ, आणि वाढ सगळ्यांची एका दिवशी होत नाही हे कुठल्याही आईला विचारा.

रिक्रूटर, म्हणजे क्लबांसाठी पोरं हेरणारे लोक, मूर्ख आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही, उलट. मी अंडर-१८ च्या टॅलेंट लीगच्या मॅचना त्यांना जवळून बघितलंय. जुलैमधली थंडी, बोचरा वारा, पाऊस तिरका, आणि बाउंड्रीच्या कठड्याला टेकून पाच-सहा माणसं, हातात वही किंवा टॅब्लेट, कुणाशी बोलत नाहीत, कॉफी गार झालेली. एकदा मी त्यांच्यातल्या एकाच्या शेजारी उभा होतो, बॉल होता ग्राउंडच्या पलीकडच्या टोकाला आणि हा बघत होता भलतीकडेच, बॉलपासून साठ मीटर लांब एक पोरगा होता त्याच्याकडे. तो पोरगा बॉल यायच्या आधी दोनदा मान वळवून मागे बघत होता, आपल्या मागे कोण आहे, मोकळी जागा कुठे आहे ते. त्या माणसाने वहीत काहीतरी लिहिलं. हे खरं बघणं. दबावाखाली निर्णय काय घेतो, कमजोर पायाने किक जाते का, चूक झाल्यावर पुढच्या मिनिटाला काय करतो, आपल्या टीममधला पडला तर उचलायला जातो का. हे सगळं ते लोक बघतात, घरी येतात, आईवडिलांशी बोलतात, शाळेतल्या शिक्षकांना फोन करतात. एवढी मेहनत करूनही चुका होतात, कारण समोरचा माणूस अजून पूर्ण झालेलाच नसतो. आंबा कच्चा असताना तो हापूस निघणार की रायवळ हे झाडाकडे बघून सांगता येतं, पण इथे झाडं सगळी सारखीच दिसतात.

२००१ चा ड्राफ्ट घ्या, ज्याला इथे सगळे सुपर ड्राफ्ट म्हणतात. पहिला ल्यूक हॉज, दुसरा ल्यूक बॉल, तिसरा ख्रिस जड. जडला पुढे २००४ आणि २०१० असं दोनदा ब्राउनलो मेडल मिळालं, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू. हॉज चार प्रीमियरशिप, म्हणजे लीगची विजेतेपदं, जिंकला, त्यातल्या सलग तीन कॅप्टन म्हणून, २०१३, १४, १५. म्हणजे वरची निवड काही चुकली नव्हती. पण त्याच यादीत खाली या. जिलॉंगने आठव्या नंबरवर जिमी बार्टेल घेतला, सतराव्यावर जेम्स केली, चोविसाव्यावर स्टीव्ह जॉन्सन, आणि २००७ ला जिलॉंग प्रीमियरशिप जिंकलं तेव्हा हे तिघंही त्या टीमचा कणा होते, बार्टेलला त्याच वर्षी ब्राउनलो मिळालं आणि फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ मेडल जॉन्सनला. आणखी खाली या, अठ्ठावन्नाव्या नंबरवर डेन स्वॉन, २०११ चा ब्राउनलो. आणि गंमत अशी की बरोबर दहा वर्षांनी, २०११ च्या ड्राफ्टमध्ये, पुन्हा अठ्ठावन्नाव्याच नंबरवर लॅची नील नावाचा बुटका पोरगा फ्रीमँटलने घेतला, त्याला ब्रिस्बेनकडून खेळताना २०२० आणि २०२३ असं दोनदा ब्राउनलो मिळालं. एका नंबरवरून आलेल्या दोन माणसांकडे मिळून तीन मेडलं. दोघांच्याही वेळी सत्तावन्न वेळा सगळ्या क्लबांनी त्यांच्याऐवजी दुसरं कुणीतरी घेतलं होतं.

पण माझा खरा साक्षीदार त्याच २००१ च्या यादीत छत्तिसाव्या नंबरवर आहे, सॅम मिचेल. हा २००० साली अठरा वर्षांचा होता, ड्राफ्टला उभा होता, कुणीच घेतला नाही. स्लो आहे म्हणाले, छोटा आहे म्हणाले. मग तो एक वर्ष बॉक्स हिलकडून व्हीएफएलमध्ये, म्हणजे व्हिक्टोरियाच्या राज्य लीगमध्ये, मोठ्या माणसांत खेळला, आणि ते एक वर्ष बघून हॉथॉर्नने त्याला घेतला. पुढे २००८ ला प्रीमियरशिपचा कप त्याने कॅप्टन म्हणून उचलला, एकूण चार जिंकला, २०१२ चं ब्राउनलो त्याच्या नावावर आहे, आज त्याच हॉथॉर्नचा हेड कोच आहे. फक्त एक वर्ष जास्त मिळालं. त्या वर्षात तो काही वेगवान झाला नाही, उंच झाला नाही, फक्त लोकांना दिसलं की बाप्यांच्या गर्दीतसुद्धा हा पोरगा बॉल काढून बाहेर येतो. अंडर-१८ च्या मॅचमध्ये हे दिसत नाही कारण तिथे आधी वाढलेला पोरगा नुसत्या अंगाने सगळ्यांना बाजूला सारतो आणि आपल्याला वाटतं काय खेळतोय.

आता उलटी बाजू, आणि ही जास्त दुखरी आहे. जॅक वॉट्स. २००८ चा पहिला नंबर, मेलबर्न क्लब, निवडला तेव्हा सतरा वर्षांचा. २००९ च्या क्वीन्स बर्थडेच्या सुट्टीच्या मॅचला, कॉलिंगवूडच्या विरुद्ध, एमसीजीवर त्याला पहिल्यांदा उतरवलं. तेव्हा तो अजून शाळेत होता, बारावीला. बारावीला हो! त्याच्या हातात बॉल आला आणि कॉलिंगवूडच्या तीन दांडग्या माणसांनी मिळून त्याला जमिनीवर आपटला. ती क्लिप पुढे वर्षानुवर्षं दाखवली गेली, दरवेळी सोबत हेही सांगून की दुसऱ्या नंबरवर वेस्ट कोस्टने निक नायटानुई नेला होता. वॉट्स चांगला खेळाडू होता, २०१७ ला त्याच क्वीन्स बर्थडेला, त्याच कॉलिंगवूडच्या विरुद्ध, शेवटच्या मिनिटांत जिंकून देणारा गोल त्यानेच मारला, तो गोल बघताना आमच्या घरात माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण मधली आठ वर्षं त्या पोराने अख्ख्या शहराची निराशा खांद्यावर घेऊन काढली, आणि त्याचा गुन्हा काय तर कुणीतरी त्याला सतराव्या वर्षी एक नंबर दिला. टॉम बॉयडचं बघा, २०१३ चा पहिला नंबर, एका वर्षात क्लब बदलला, सात वर्षांचा मोठा करार, २०१६ च्या ग्रँड फायनलमध्ये बुलडॉग्जसाठी तीन गोल, १९५४ नंतरची त्यांची पहिली प्रीमियरशिप, आणि २०१९ ला, तेविसाव्या वर्षी, रिटायर. मानसिक आरोग्याबद्दल तो स्वतः मोकळेपणाने बोलला, ते धाडसाचं काम केलं त्याने. एक वर्ष उशिरा निवडला असता तर सगळं सुरळीत झालं असतं असा दावा मी करत नाही, तो करणं बरोबरही होणार नाही. पण ज्या वयात आपण पोराला एकट्याला गाडी घेऊन लांब पाठवताना दहा सूचना देतो, त्या वयात एवढं ओझं द्यायची घाई कुणाला आहे आणि कशासाठी, एवढा प्रश्न तरी विचारू द्या.

आता डिसेंबरचा मुद्दा. कट-ऑफ ३१ डिसेंबर असल्यामुळे एकाच ड्राफ्टमध्ये जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला असे दोघं शेजारी उभे असतात, आणि त्यांच्यात जवळपास वर्षाचं अंतर असतं. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं वयोगटाच्या टीममध्ये जास्त निवडली जातात हे जगभरात वेगवेगळ्या खेळांत अभ्यासून झालंय, फूटीतही दिसलंय. आणि हे ड्राफ्टच्या दिवशी सुरू होत नाही, बाराव्या-तेराव्या वर्षीच होतं. आमच्या शेजारच्या पोराला अंडर-१५ च्या वेळी एका निवड शिबिरातून दुसऱ्याच दिवशी घरी पाठवला होता, कारण सांगितलं ‘बॉडी’. त्याच्या जागी घेतलेला पोरगा दहा महिन्यांनी मोठा होता. जो निवडला गेला त्याला चांगला कोच, जिम, फिजिओ, मोठ्या मॅचेस, आणि जो राहिला त्याला मंगळवार-गुरुवार लोकल क्लबचं अंधारं ग्राउंड. तीन वर्षांनी दोघांना पुन्हा शेजारी उभं केलं की पहिला पुढे असणारच, आणि मग आपण म्हणतो, बघा, आम्ही बरोबर ओळखलं होतं.

विरोधात लोक म्हणतात, निक डेकॉस बघ. अठराव्या वर्षी निवडला, पहिल्याच सीझनला, २०२२ ला, रायझिंग स्टार, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम तरुण खेळाडू, त्याला कशाला वर्षभर थांबवायचं? मान्य, तो पहिल्या दिवसापासून तयार होता. पण त्याची जन्मतारीख आहे ३ जानेवारी २००३. नोव्हेंबर २०२१ ला निवडला तेव्हा तो एकोणीसच्या उंबरठ्यावर होता, म्हणजे माझ्या नियमाने जे वय असावं साधारण तेच. सगळे तयार खेळाडू जानेवारीतले नसतात, मॅट रॉवेल जुलैचा आहे आणि २०१९ चा पहिला नंबर होता. पहिल्या सीझनला त्याने सुरुवातीच्या मॅचेसमध्ये धुमाकूळ घातला, मग खांदा गेला, आणि ब्राउनलो आलं २०२५ ला. अशी पोरं असतात, दर वर्षी दोन-तीन, ती एक वर्ष थांबली तर त्यांचं एक वर्ष जाईल हे मी नाकारत नाही. पण ड्राफ्टचा नियम त्या दोघा-तिघांसाठी करायचा की उरलेल्या पन्नास-साठ जणांसाठी, आणि ज्यांचं नावच येत नाही त्या शेकड्यांसाठी?

आणि बारावी. आपल्या मराठी लोकांना हे समजावून सांगायची गरजच नाही. व्हिक्टोरियात व्हीसीईच्या लेखी परीक्षा ऑक्टोबरच्या अखेरीला सुरू होऊन नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जातात. कम्बाइन ऑक्टोबरच्या सुरुवातीला, ड्राफ्ट नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. म्हणजे ज्या सहा-सात आठवड्यांत पोराने टेबलाशी बसायचं त्याच आठवड्यांत क्लबांचे इंटरव्ह्यू, घरभेटी, आणि पेपरांतून रोज येणारे फँटम ड्राफ्ट, म्हणजे कोण कितवा जाईल याच्या अंदाजाच्या याद्या, ज्यात तुमचं नाव सोमवारी तिसावं असतं आणि गुरुवारी नसतंच. शेजारचा पोरगा केमिस्ट्रीच्या पेपरच्या आदल्या रात्री फोनवर ते बघत होता, त्याच्या वडिलांनी फोन काढून घेतला तर तो रडला. आणि ज्यांचं नाव येतं त्यांचं काय, तर काही दिवसांतच बॅग भरायची. मेलबर्नहून पर्थ विमानाने चार तास. हार्ली रीड हा टोंगाला नावाच्या छोट्या गावचा पोरगा, २०२३ चा पहिला नंबर, वेस्ट कोस्टने घेतला आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला गेला, आणि पहिल्या दिवसापासून सगळीकडे एकच चर्चा, हा परत घरी कधी जाणार. जेसन हॉर्न-फ्रान्सिस २०२१ चा पहिला नंबर, ॲडलेडचा, नॉर्थ मेलबर्नमध्ये एक सीझन काढून परत आपल्या शहरात पोर्ट ॲडलेडला गेला, लोकांनी त्याला नको नको ते बोलून घेतलं. अरे, एकोणीस वर्षांच्या पोराला घर आठवलं यात राग येण्यासारखं काय आहे? शाळा संपवून, एक वर्ष घरी राहून, काम किंवा कॉलेज करून, बाप्यांच्यात खेळून गेलेला पोरगा त्या विमानात वेगळ्या मनाने बसेल असं मला वाटतं.

ते वर्ष फुकट जात नाही, हे दाखवणारी उदाहरणं समोर आहेत. टॉम स्टुअर्ट २०१६ ला चाळिसाव्या नंबरवर, तेव्हा तेवीस वर्षांचा, पुढे अनेकदा ऑल-ऑस्ट्रेलियन टीममध्ये, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या टीममध्ये. टिम केली २०१७ ला चोविसाव्या नंबरवर, त्याआधी कितीतरी ड्राफ्ट त्याला सोडून गेले होते, तो साउथ फ्रीमँटलकडून खेळत राहिला. मार्लियन पिकेट, त्याच साउथ फ्रीमँटलचा, २०१९ ला सीझनच्या मध्यात ड्राफ्ट पुन्हा सुरू केला तेव्हा रिचमंडने घेतला, वय सत्तावीस, आणि त्याची पहिली एएफएल मॅच म्हणजे डायरेक्ट त्या वर्षीची ग्रँड फायनल, आणि जिंकले. नॅट फाइफ तर सतरा-अठराव्या वर्षी काडी होता, २००९ ला विसाव्या नंबरवर गेला, दोन ब्राउनलो घेतले. राज्यांच्या लीग, व्हीएफएल, एसएएनएफएल, डब्ल्यूएएफएल, या पोरांना घडवायला समर्थ आहेत, थोडे पैसे आणि थोडे कोच तिकडे द्या म्हणजे झालं.

दुसरा आक्षेप, की थांबवलं तर पोरं क्रिकेटला, बास्केटबॉलला जातील. अमेरिकेत एनएफएल शाळेनंतर तीन वर्षं घेत नाही, बास्केटबॉलच्या एनबीएला ड्राफ्टच्या वर्षात एकोणीस पूर्ण होणारी पोरं लागतात, त्यांच्याकडची पोरं काही खेळ सोडून पळाली नाहीत. आणि इथेसुद्धा वय एकदा वाढवून झालंय, ल्यूक हॉज २००१ ला सतरा वर्षांचा होता, आजच्या नियमाने त्या वर्षी त्याचं नावच घेता आलं नसतं. नियम बदलला तेव्हा काही आभाळ कोसळलं नाही.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे, की बदलाच्या वर्षी ड्राफ्टला कुणी उरणारच नाही आणि तळाच्या क्लबांवर अन्याय होईल. त्यावर माझा उपाय असा, एका झटक्यात करू नका, तीन वर्षांत करा. पहिल्या वर्षी कट-ऑफ ३१ डिसेंबरवरून ३१ ऑगस्टवर आणा, दुसऱ्या वर्षी ३० एप्रिलवर, तिसऱ्या वर्षी आदल्या ३१ डिसेंबरवर. दर वर्षी बारा महिन्यांऐवजी आठ महिन्यांत जन्मलेली पोरं मिळतील, ड्राफ्ट थोडा बारीक होईल पण रिकामा होणार नाही, आणि तीन वर्षांनी नवीन नियम पूर्ण लागू. टास्मानियाची टीम एकदा उभी राहू द्या, त्यांना सुरुवातीला खेळाडू लागणारच आहेत, मग लगेच चालू करा. जानेवारी-डिसेंबरचं अंतर याने मिटणार नाही, ते मला माहीत आहे, पण एकोणिसाव्या वर्षी दहा महिन्यांचा फरक अंगावर जेवढा दिसतो त्यापेक्षा तो अठराव्या वर्षी जास्त दिसतो.

शेजारचा पोरगा आता वीस वर्षांचा होतोय. मी हे लिहितोय हे त्याला सांगितलं तर तो आधी हसला, म्हणाला की तेव्हा मला कुणी एक वर्ष थांब म्हटलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो. त्या रात्रीनंतर तीन महिने त्याने बॉलला हात लावला नव्हता. मग मार्चमध्ये एका संध्याकाळी माझ्या मुलाला हाक मारत आला, दोघं गॅरेजमध्ये काहीतरी शोधत होते, आणि सहज म्हणून चौकटीला पाठ लावून उभा राहिला. कम्बाइनच्या आधी मारलेल्या खुणेपेक्षा नवी खूण दोन बोटं वर आली. परवा पुन्हा मारली, अजून एक बोट वर. शनिवारी तो मोठ्यांच्या टीममध्ये खेळतो, मी जातो बघायला, कठड्याला टेकून वही घेतलेलं कुणी तिथे नसतं.